तीनदा केप: कंबोडियाचा सगळ्यात छोटा किनारी प्रांत कसा वाचायचा

कंबोडियातल्या एखाद्या पत्त्यात ‘संगकात केप, क्रोंग केप, खेत केप’ असं सलग लिहिलेलं दिसलं तर ती छपाईची चूक नसते. पहिलं केप म्हणजे शहरातला एक विभाग, दुसरं म्हणजे ते शहर आणि तिसरं म्हणजे सगळा प्रांत. एकाच नावाची तीन क्षेत्रं एकात एक बसलेली आहेत. नकाशे, जनगणनेचे तक्ते, प्रवासाच्या सूचना वाचताना होणारे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. म्हणून आधी जागा कुठे आहे ते पाहू, आणि मग ही उतरंड उलगडू.

कंबोडियाचा समुद्रकिनारा लहान आहे, साधारण 440 किलोमीटर. थायलंडच्या आखातावरचा हा किनारा चार प्रांतांत वाटला गेला आहे: पश्चिमेकडून को काँग, प्रेआ सिहानुक, कम्पोट आणि पूर्वेच्या टोकाकडे केप. केपचं क्षेत्रफळ सुमारे 336 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडं जास्त. 2019 च्या जनगणनेनुसार इथली वस्ती सुमारे 42 हजार आहे. क्षेत्रफळ घ्या की लोकसंख्या, देशातल्या 24 प्रांतांत केप शेवटच्या क्रमांकावर आहे.

दक्षिणेला समुद्र आणि बाकी सगळीकडे कम्पोट, अशी या प्रांताची मांडणी आहे. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण केप व्हिएतनामच्या इतकं जवळ आहे की तिथली जमीन थेट व्हिएतनामला भिडते असं अनेकांना वाटतं. ती भिडत नाही. व्हिएतनाममधल्या हा तिएनकडे जाणारं प्रेक चाक हे सीमानाकं केपपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असलं, तरी ते कम्पोट प्रांताच्या कम्पोंग त्राच तालुक्यात आहे. व्हिएतनामशी केपचा सामना होतो तो समुद्रात. त्या रेषेची गोष्ट पुढे येईल; ती जमिनीवरच्या हद्दीपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

उतरंड: खेत, क्रोंग, स्रोक, खुम, फुम

ही नावं परकी वाटतात, पण त्यांतली दोन-तीन आपल्या ओळखीची आहेत. प्रांताला ख्मेर भाषेत ‘खेत’ म्हणतात. तो आपला ‘क्षेत्र’, पालीतल्या ‘खेत्त’ या रूपातून तिकडे गेलेला. गावाला ‘फुम’ म्हणतात, पण ख्मेर लिपीत तो शब्द अक्षर न अक्षर ‘भूमि’ असा लिहितात. नॉम पेन्हच्या प्रशासकीय दर्जाला जो शब्द आहे तो तर सरळ ‘राजधानी’ आहे, उच्चार तेवढा ‘रिएच थिएनी’. भारतीय लिपी आणि शब्द तिकडे पोहोचले त्याला दीड हजार वर्षं होऊन गेली. उच्चार बदलला, लिखाणातली जोडणी तशीच राहिली.

आता रचना. देशाचे पहिल्या पातळीवर 25 भाग आहेत: 24 प्रांत आणि 1 राजधानी. प्रांताच्या खाली दोन प्रकारचे भाग येतात. ग्रामीण असेल तर ‘स्रोक’, शहरी असेल तर ‘क्रोंग’. स्रोकला आपण तालुका म्हणू, क्रोंगला नगर. (राजधानीत याच पातळीला ‘खान’ म्हणतात.) त्याखाली पुन्हा तसंच: स्रोकमध्ये ‘खुम’ असतात, क्रोंगमध्ये ‘संगकात’. खुम म्हणजे काही गावं मिळून होणारा गट, आपल्याकडच्या गटग्रामपंचायतीसारखा; संगकात हे त्याचंच शहरी रूप. सगळ्यात खाली फुम, म्हणजे गाव. गावाला प्रमुख असतो, पण गावाची स्वतंत्र निवडून आलेली परिषद नसते.

केपमध्ये हे सगळं अगदी आटोपशीर आहे. दोनच मोठे भाग. एक, दामनाक चांगएर हा स्रोक. त्यात आंगकोल आणि पोंग तुक हे दोन खुम. दुसरा, क्रोंग केप. त्यात केप, प्रेय थोम आणि ओ क्रासार हे तीन संगकात. एकूण पाच, संपला प्रांत. ख्मेर स्थलनामांतले दोन-चार शब्द कळले की नकाशा अर्धा वाचून होतो: ‘को’ म्हणजे बेट, ‘नॉम’ म्हणजे डोंगर, ‘प्रेय’ म्हणजे रान, ‘थोम’ म्हणजे मोठं, आणि ‘ओ’ म्हणजे ओढा. प्रेय थोम म्हणजे मोठं रान. ‘ओ’ आणि ‘ओढा’ यांचं साम्य मात्र निव्वळ योगायोगाचं. ‘केप’ या शब्दाचा ख्मेर अर्थ खोगीर; घोड्याच्या खोगिराची एक दंतकथा त्या नावाला चिकटलेली आहे.

कागदपत्रांत जागा ओळखायची असेल तर नावापेक्षा सांकेतिक क्रमांकावर भरवसा ठेवावा. कंबोडियाच्या भौगोलिक संकेतांकात पहिले दोन अंक प्रांताचे, चार झाले की तालुका किंवा नगर, सहा झाले की खुम किंवा संगकात आणि आठ झाले की गाव. केपचा क्रमांक 23. त्यामुळे 2301 म्हणजे दामनाक चांगएर, 2302 म्हणजे क्रोंग केप आणि 230201 म्हणजे संगकात केप. नाव तीनदा तेच असलं तरी अंक तीन वेगळे. शिवाय नावांचं रोमन लिप्यंतर कधी एकसारखं नसतं. एकच दामनाक चांगएर चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. दोन तक्ते जोडताना नावं जुळवत बसलं की ओळी गळतात, अंक जुळवले की गळत नाहीत.

2008 मध्ये एक शब्द पायरी उतरला

केप मुळात कम्पोटचाच भाग. नव्वदच्या दशकात त्याला वेगळा दर्जा मिळाला, पण प्रांत म्हणून नव्हे. त्या काळात देशात 20 प्रांत आणि 4 ‘क्रोंग’ होते: नॉम पेन्ह, सिहानुकविल, केप आणि पायलिन. हे क्रोंग प्रांताच्याच तोलाचे होते. 22 डिसेंबर 2008 रोजी राजे नोरोदोम सिहामोनी यांनी एका राजाज्ञेवर सही केली. त्या आज्ञेने केप, पायलिन आणि सिहानुकविल (आजचा प्रेआ सिहानुक) हे प्रांत झाले, आणि देशातल्या काही प्रांतांच्या हद्दीही बदलल्या.

घोळ होतो तो ‘क्रोंग’ या शब्दामुळे. 2008 आधीच्या कागदात ‘क्रोंग केप’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आजचा सगळा प्रांत. त्यानंतरच्या कागदात तेच शब्द असतील तर अर्थ फक्त शहर, तीन संगकातांचं. शब्द तोच, पण पायरी एकाने खाली. 1998 च्या जनगणनेत ‘क्रोंग केप’ची लोकसंख्या 28,660 आहे आणि मार्च 2008 च्या जनगणनेत 35,753, हे दोन्ही आकडे आजच्या प्रांताच्या तोलाच्या क्षेत्राचे आहेत. त्यांना आजच्या नगराच्या आकड्याशेजारी ठेवलं तर केपची वस्ती अचानक घटल्यासारखी दिसते. घटलेली नसते. जुना कागद हाती आला की आधी तारीख बघायची, मग शब्द वाचायचा.

इतक्या छोट्या जागेला प्रांत करून काय मिळालं? सगळ्यात ठळक फरक संसदेत दिसतो. राष्ट्रीय सभेत 125 जागा आहेत आणि मतदारसंघ म्हणजे प्रांत. प्रत्येक प्रांताला किमान एक जागा मिळतेच. त्यामुळे 42 हजारांच्या केपला एक खासदार आणि 22 लाखांच्या पुढे गेलेल्या नॉम पेन्हला बारा. माणशी हिशेब केला तर केपच्या एका मताचं वजन राजधानीतल्या मताच्या चौपटीहून जास्त भरतं.

खालच्या पातळीवर कारभार कसा चालतो हे समजायला निवडणुकीची दिशा बघावी. लोक थेट निवडतात ते फक्त खुम आणि संगकातच्या परिषदा. पाच वर्षांची मुदत, आकारानुसार 5 ते 11 सदस्य. 2001 चा कायदा झाला आणि पहिली निवडणूक फेब्रुवारी 2002 मध्ये झाली. मतदान पक्षाच्या यादीला होतं. सर्वाधिक मतं मिळालेल्या यादीतला पहिला उमेदवार खुमचा प्रमुख होतो. परिषदेचा लेखनिक मात्र गृहमंत्रालय नेमतं. तालुका, नगर आणि प्रांत यांच्या परिषदांसाठी सामान्य मतदार मत देत नाही. खुम आणि संगकातचे सदस्य देतात. 2008 च्या कायद्याने ही पद्धत आली आणि 2009 मध्ये पहिल्यांदा वापरली गेली. प्रांताचा गव्हर्नर निवडून येत नाही, वरून नेमला जातो.

याचा केपमध्ये व्यवहारात अर्थ असा की सगळ्या प्रांताची परिषद पाच खुम-संगकातांच्या सदस्यांच्या मतांवर ठरते. प्रत्येकी 11 धरले तरी मतदार 55 च्या वर जात नाहीत. एवढ्या मतदारांवर अख्ख्या प्रांताची परिषद उभी राहते, हे नुसती रचना वाचून चटकन ध्यानात येत नाही.

जमीन: डोंगर, चिखल आणि बाहेरून आणलेली वाळू

केप शहर एका छोट्या भूशिरावर आहे. मधे जंगलाने भरलेला डोंगर, उंची तीनशे मीटरच्या आत, आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रालगत रस्ता. 1993 मध्ये देशातली संरक्षित क्षेत्रं ठरली तेव्हा हा डोंगर राष्ट्रीय उद्यान झाला. त्याच्याभोवती सुमारे 8 किलोमीटरची पायवाट फिरते. डोंगर अगदी किनाऱ्यापर्यंत आल्यामुळे शहर पसरू शकलं नाही; ते लांबट पट्ट्यात तुकड्यातुकड्यांनी वसलं आहे. इथे ‘गावाचा मध्य कुठे’ असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळत नाही. खेकडाबाजार एकीकडे, पुळण दुसरीकडे, सरकारी कचेऱ्या तिसरीकडे.

किनारा बराचसा खडकाळ, कुठे चिखलाचा आणि कांदळवनाचा. शहरातल्या मुख्य पुळणीवरची पांढरी वाळू इथली नाही, ती बाहेरून आणून टाकलेली आहे. उथळ आणि चिखलाळ किनाऱ्यावर टाकलेली वाळू हळूहळू वाहून जाते, म्हणून ती पुन्हा टाकावी लागते. वाळूच्या लांबलचक किनाऱ्याच्या अपेक्षेने येणाऱ्याने सिहानुकविलकडे जावं. केपचं वैभव त्या चिखलात आणि उथळ पाण्यातच आहे: समुद्रगवताची कुरणं, कांदळवन आणि त्यांच्या जिवावर वाढणारा निळा खेकडा.

फ्रेंचांनी 1908 मध्ये हे विश्रांतीचं ठिकाण म्हणून वसवलं. 1950 आणि 60 च्या दशकांत देशाचे तेव्हाचे सत्ताधीश नोरोदोम सिहानुक यांच्या काळात राजधानीतल्या श्रीमंतांनी इथे आधुनिक धाटणीचे बंगले बांधले. 1975 ते 79 च्या, ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत शहर रिकामं झालं, बंगले उद्ध्वस्त झाले. पुढच्या पडझडीच्या वर्षांत उरलेल्या भिंतींतून लोखंड आणि लाकूडही काढून नेलं गेलं. आजही झाडीत ते काळवंडलेले सांगाडे दिसतात. मूळ मालक परत येऊन ताबा का घेत नाहीत, याचं उत्तर 2001 च्या जमीन कायद्यात आहे: 1979 आधीची कोणतीही मालकी तो मानत नाही. आजोबांच्या नावाचं खरेदीखत हातात असलं तरी कायद्याच्या लेखी तो जुना कागद आहे. एखाद्या कुटुंबाचं घर समोर उभं असावं आणि कागदावर ते त्यांचं नसावं, यातली वेदना मोठी आहे.

रस्त्याची गोम एका चौकात आहे. कम्पोटहून राष्ट्रीय महामार्ग 33 पूर्वेला व्हिएतनामच्या सीमेकडे जातो. वाटेत पांढऱ्या घोड्याचा पुतळा असलेला चौक लागतो, तिथून केपचा फाटा फुटतो. सरळ गेलात तर केपला वळसा घालून कम्पोंग त्राच आणि सीमेकडे. कम्पोट ते केप अंतर जेमतेम 25 किलोमीटर. नॉम पेन्ह ते सिहानुकविल हा रेल्वेमार्ग प्रांताच्या उत्तर भागातून, दामनाक चांगएरमधून जातो. समुद्रकिनारी तो उतरतच नाही. पुळणीलगत रूळ शोधून उपयोग नाही.

नाव कम्पोटचं, वेल केपमधला

हद्द आणि जिन्नस यांची फारकत सगळ्यात स्पष्ट दिसते ती मिरीत. ‘कम्पोट मिरी’ला 2010 मध्ये कंबोडियात भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये युरोपीय संघानेही ते मान्य केलं. नावात फक्त कम्पोट आहे, पण मानांकनाच्या क्षेत्रात कम्पोट प्रांतातले ठरावीक तालुके आणि त्यांच्या जोडीला केप प्रांतातले दोन्ही भाग येतात. केपच्या पोंग तुक खुमात पिकलेली मिरी पूर्ण कायदेशीरपणे कम्पोट मिरी म्हणून विकली जाते. उलट, कम्पोट प्रांतातल्याच पण यादीत नसलेल्या तालुक्यातली मिरी ते नाव लावू शकत नाही. कारण साधं आहे: मिरीची लागवड केप वेगळं होण्याच्या कितीतरी आधीची, आणि माती, डोंगर, पाऊस यांना 2008 ची राजाज्ञा लागू होत नाही.

आपल्या कोकणात मिरीचा वेल सुपारीवर किंवा नारळावर चढवतात. तिकडे उंच खांबांवर चढवतात आणि कोवळ्या वेलांवर झावळ्यांची सावली धरतात. एकाच वेलापासून चार प्रकार निघतात. कोवळे घड तोडले की हिरवी मिरी, ती सुकवत नाहीत, ताजीच वापरतात. पूर्ण भरलेले पण हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी. पिकून लाल झाल्यावर वाळवली की लाल. तीच लाल मिरी भिजवून साल काढली की पांढरी. लाल दाणे घडात एकाच वेळी पिकत नाहीत, ते वेचून घ्यावे लागतात, म्हणून ती महाग. हिरवी मिरी आणि ताजा खेकडा एकत्र परतलेला पदार्थ केपची ओळख झाला तो याच शेजारामुळे: डोंगराकडे मिरी, पाण्यात खेकडा, मधे काही किलोमीटर.

मिठाचंही तसंच. कंबोडियाचं समुद्री मीठ कम्पोट आणि केप या दोनच प्रांतांत पिकतं. मिठागरं सपाट, चिकणमातीच्या किनाऱ्यावर आहेत. भरतीचं पाणी आत घेऊन साठवतात, ते एकापाठोपाठ एक उथळ खाचरांत फिरवून आटवतात आणि शेवटच्या खाचरात मीठ धरलं की फळीने ओढून ढीग करतात. हंगाम कोरड्या महिन्यांचा, साधारण डिसेंबर ते एप्रिल. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते ऑक्टोबर असतो. हंगामात आलेली एक अवेळी सर पुरते: गोडं पाणी पडलं की जमलेलं मीठ विरघळतं, खाचरातलं पाणी पुन्हा पातळ होतं आणि आटवण्याचं काम मागे जातं. रायगड-पालघरच्या मिठागरांत काम केलेल्यांना हे सांगायला नको.

समुद्रातली रेषा

केपच्या अखत्यारीत लहान-लहान बेटं आहेत. सगळ्यात परिचित को तोन्साय, म्हणजे सशाचं बेट. किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर, होडीने वीस-तीस मिनिटं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असला की हीच वाट खवळते, आणि शहाणा नावाडी सकाळीच परततो.

त्या बेटांपलीकडे क्षितिजावर दिसणारं मोठं बेट फू क्वोक, ते व्हिएतनामचं. कंबोडियाच्या किनाऱ्याला इतकं जवळ असून ते व्हिएतनामकडे कसं? 1939 मध्ये इंडोचायनाचे फ्रेंच गव्हर्नर जनरल ज्यूल ब्रेव्हिए यांनी बेटांवरचा कारभार आणि पोलिसांचा अधिकार वाटण्यासाठी नकाशावर एक रेषा ओढली. तिच्या उत्तरेकडची बेटं कंबोडियाच्या प्रशासनाकडे, दक्षिणेकडची कोचीनचायनाकडे, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनामकडे. फू क्वोकजवळ रेषेला वळण देऊन ते बेट दक्षिणेकडेच ठेवलं. दोन्ही मुलूख तेव्हा फ्रेंचांचेच, त्यामुळे ही सोय कारभाराची होती. सार्वभौमत्वाचा प्रश्न आपण सोडवत नाही, असं त्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. पुढे दोन देश झाले आणि कारभाराची रेषा वादाची झाली. 1982 मध्ये दोन्ही सरकारांनी या भागातल्या पाण्याला ‘ऐतिहासिक जलक्षेत्र’ म्हणून सामाईक मानलं, बेटांच्या वाटणीसाठी ब्रेव्हिए रेषा धरली आणि पाण्यातली हद्द पुढच्या वाटाघाटींवर सोपवली. म्हणून केपच्या नकाशावर बेटं कुणाची ते ठाम सांगता येतं, पण दोन बेटांमधल्या पाण्यातून हद्द नेमकी कुठून जाते हे तितक्या ठामपणे सांगता येत नाही. गुळगुळीत रेषा दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नये.

मासेमाराला मात्र या रेषेपेक्षा खोली महत्त्वाची. कंबोडियाच्या 2006 च्या मत्स्य कायद्यानुसार किनाऱ्यापासून 20 मीटर खोलीपर्यंत तळ खरवडणारी जाळी ओढायला मनाई आहे. केपसमोरचं पाणी दूरवर उथळ असल्याने जवळपास सगळं क्षेत्र या मनाईत येतं. मनाईचं कारण तळाशी आहे: जड जाळं समुद्रगवत मुळासकट उपटतं, आणि खेकड्याची पिल्लं, समुद्रघोडे यांचा आसराच जातो. एक नांगरणी पुढच्या कित्येक हंगामांचं बी नेते.

2018 मध्ये इथल्या बेटांभोवतीचं सुमारे 11 हजार हेक्टर पाणी सागरी मत्स्यव्यवस्थापन क्षेत्र म्हणून घोषित झालं. रात्री चोरून येणाऱ्या ट्रॉलरला प्रत्येक वेळी पकडणं गस्तीला जमत नाही, म्हणून समुद्रतळावर काँक्रीटचे जड सांगाडे सोडले जातात. ओढतं जाळं त्यांत अडकून फाटतं, आणि त्या ठोकळ्यांवर शिंपले धरले की मासे पुन्हा वस्तीला येतात. खेकड्यांसाठी दुसरी सोय म्हणजे खेकडापेढी: पिंजऱ्यात गाबोळीची मादी सापडली तर ती लगेच न विकता अंडी सोडेपर्यंत पाण्याच्या टाकीत ठेवायची, पिलावळ समुद्रात जाऊ द्यायची आणि मगच मादी बाजारात न्यायची. मासेमाराचं नुकसान थोड्या दिवसांचं. बाजारात खेकडा घेताना पोटाखालचा पदर उचलून नारिंगी-तपकिरी गाबोळी दिसली, तर तो बाजूला ठेवावा.